बिबट्या गावात शिरलेला नाही

या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईट आहे.

शहरात वाढलेल्यांना हे वाक्य कळणार नाही, म्हणून सांगतो. शेतीपंपाला लागणारी थ्री फेज वीज आमच्याकडे पाळीपाळीने येते. एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा असला की अण्णा संध्याकाळी लवकर जेवतात, दोन-तीन तास पडतात, बाराच्या सुमाराला उठतात, कपाळाला बॅटरी बांधतात, हातात काठी घेतात आणि उसाला दारं धरायला जातात. मोबाईलवर मोठ्या आवाजात भजन लावतात. ते भक्तीसाठी नाही, माणूस येतोय हे त्याला कळावं म्हणून. आई घरात जागीच असते. दर अर्ध्या तासाने फोन लावते. मी पुण्यात खोलीवर असतो तेव्हा अण्णांचं व्हॉट्सॲपचं लास्ट सीन बघत बसतो. रात्री २.४० ला दिसलं की झोपतो.

‘त्याला’ म्हणजे कुणाला, हे आमच्या घोड नदीच्या पट्ट्यात कुणी विचारत नाही. आम्ही त्याला बिबट्या म्हणतही नाही, वाघच म्हणतो. पट्टेरी वाघ इकडे नाही हे सगळ्यांना माहीत आहे. बिबट्या हा शब्द पेपरात आणि पंचनाम्यात.

पेपरात त्याच्यासाठी एक क्रियापदही ठरलेलं आहे : शिरला. मंचरजवळ वस्तीत बिबट्या शिरला. ओतूरमध्ये शिरला, नारायणगावात शिरला. गेली पंचवीस वर्षं तो रोज कुठे ना कुठे शिरतोच आहे. माझं भांडण या क्रियापदाशी आहे, कारण जुन्नर-आंबेगावचा सगळा गोंधळ, निम्मे मृत्यू आणि सरकारचे जवळपास सगळे मूर्ख निर्णय याच एका शब्दातून निघालेत. शिरला म्हणजे बाहेरून आला. बाहेरून आला म्हणजे त्याची जागा दुसरीकडे आहे. तिकडे नेऊन सोडला की प्रश्न संपला. आणि ही सगळी साखळी खोटी आहे.

तो शिरलेला नाही. तो इथे राहतो. इथेच जन्मलाय, त्याची आईही बहुतेक इथेच जन्मली. कुठल्या जंगलात परत पाठवणार?

*

आधी शहरी प्राणिप्रेमींचं उरकतो, कारण त्यांचं वाक्य पाठ झालंय. दर हल्ल्यानंतर इन्स्टावर कुणीतरी लिहितंच : माणसाने त्यांच्या जंगलावर अतिक्रमण केलं, आता ते आपल्या घरात येतात. वाचायला बरं वाटतं. काही ठिकाणी खरंही असेल. जुन्नरच्या बाबतीत साफ चुकीचं आहे. जुन्नर ही सातवाहनांच्या काळातली बाजारपेठ. नाणेघाटात नागनिकेचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, लेण्याद्रीची लेणी आहेत. ही जमीन दोन हजार वर्षं कसली जातेय. आमच्या पणजोबांनी जंगल तोडून शेत केलेलं नाही. ओसाड, खडकाळ माळ होता. आजीच्या लहानपणी बाजरी, मटकी, हुलगा. कंबरेच्या वर जाणारं पीकच नव्हतं. त्यात ससा लपायचा, बिबट्या नाही.

मग धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कुकडी प्रकल्पाचं पाणी कालव्यातून खाली आलं, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले, आणि माळावर दहा-बारा फूट उंचीचं हिरवं रान उगवलं. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. तुटला की त्याचाच खोडवा फुटतो. एकाचा तुटतो तेव्हा शेजारच्याचा उभा असतो. त्यात सावली आहे, पाचटाचा मऊ बिछाना आहे, चारीला बारमाही पाणी आहे, उंदीर-घुशी-रानडुकरं आहेत आणि बाहेर पडलं की कुत्री. आम्ही त्याच्या जंगलात शिरलो नाही. आम्ही आमच्या शेतात त्याच्यासाठी जंगल लावलं, त्याला पाणी दिलं, खत घातलं, आणि आता विचारतोय की हा आला कुठून.

हे आमच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही आवडत नाही, याची मला कल्पना आहे. गावात हे बोललो तर आमच्याच भावकीतले म्हणतील, मग काय ऊस काढून टाकू? नका काढू. ऊस आहे म्हणून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. पण तो आपण आणलाय हे तरी कबूल करू.

*

आता त्याच्याबद्दल थोडं बोलू. आमच्याकडे त्याच्या नावाने ओरडणारे पुष्कळ, पण तो जगतो कसा हे विचारणारे फार कमी.

शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेरे लावून मोजणी केली. मोजणीच्या भागात एकही अभयारण्य नाही, चौरस किलोमीटरमागे तीनशेहून जास्त माणसं, असा सगळा शेतीचा मुलूख. तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. तेवढेच तरस निघाले, आणि तरस आहेत हे तर लोकांच्या गावीही नव्हतं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनीच बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो ते पाहिलं. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव किंवा माणसाच्या आसऱ्याने जगणाऱ्या जनावरांचा होता, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे आपल्याला तो शेळ्या नेणारा म्हणून माहीत आहे, पण त्याचं पोट मुख्यतः कुत्र्यांवर चालतं. शेळी गेली की पंचनामा होतो. कुत्रं गेलं तर दोन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं.

कुत्री कशावर जगतात? लग्नाच्या मांडवामागचं खरकटं, चिकनच्या दुकानाचा कचरा, आणि रात्री गोणीत भरून ओढ्यात टाकलेल्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या. आमच्या शिवारात अशी एक जागा आहे. तिचा वास सगळ्यांना येतो, गोणी कुणाची ते सगळ्यांना माहीत असतं, आणि ग्रामसभेत त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. पिंजरा लावा असा ठराव मात्र एकमताने होतो.

त्याची खरी करामत शिकार नाही. दिसू न देणं ही आहे. गळ्यात कॉलर लावून सोडलेल्या बिबट्यांच्या नोंदींत दिसलं की दिवसभर ते पिकात दबून राहतात आणि माणसं झोपली की घरांच्या अगदी जवळून फिरतात. बांधावरून, चारीच्या कडेने, आपल्याच पायवाटेने, कारण चालायला आपल्याला सोपी ती त्यालाही सोपी. वाटेच्या कडेला मुतून, जमीन उकरून आपली हद्द सांगत जातो. ते पत्र दुसऱ्या बिबट्यासाठी असतं. त्यावरून आपण ट्रॅक्टर नेतो. मोठी शिकार असली तर खाऊन उरलेलं ठेवून दुसऱ्या रात्री परत येतो. आवाज काढला तर डरकाळी नाही, लाकडावर करवत ओढल्यासारखा. आजी तो ऐकून नुसती म्हणायची, “चाललाय.” आणि कूस बदलायची.

बछड्यांची गोष्ट तर प्रत्येकाने बघावी अशी आहे. मादी तीन-साडेतीन महिन्यांनी विते, दोन-तीन पिल्लं असतात, उसाच्या मधोमध. मग कारखान्याचा पट्टा पडतो, तोडणीची टोळी फडात शिरते (हे क्रियापद इथे बरोबर आहे), आणि पाचटात डोळे नुकते उघडलेली पिल्लं सापडतात. पूर्वी लोक ती उचलून घरी आणायचे, फोटो काढायचे, गाडीत घालून कुठेतरी पोचवायचे. आणि ती रात्रभर त्या शिवारात पिल्लं शोधत फिरायची. बिथरलेली मादी आपल्या वस्तीभोवती फिरवायची असेल तर यापेक्षा खात्रीचा उपाय नाही. आता जुन्नर वनविभागाची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले वाइल्डलाइफ एसओएसचे डॉक्टर वेगळं करतात. पिल्लं तपासतात, संध्याकाळी सापडली त्याच जागी कॅरेटमध्ये ठेवतात, हो, टोमॅटो भरतो तसल्याच, कॅमेरा लावतात आणि सगळ्यांना लांब हटवतात. अंधार पडल्यावर ती येते. कॅरेट पंजाने कलंडवते, वास घेते, एकाला मानेला धरून उचलते आणि जाते. परत येते, दुसऱ्याला नेते. शेजारच्या फडात, ज्याची तोड महिनाभर नाही.

तो व्हिडिओ पाहून मला माया वाटली, हे लपवत नाही. आणि त्याच आठवड्यात चुलत्यांचं करडू गेलं तेव्हा संतापही आला, तेही लपवत नाही. दोन्ही एकाच माणसाला वाटू शकतं. आमच्या डोंगराकडच्या महादेव कोळ्यांनी हे आमच्या आधी ओळखलंय. आपण वसुबारस करतो त्याच दिवशी ते वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. प्रेम म्हणून नव्हे. शेजारी आहे, दांडगा आहे, त्याच्याशी बोलणं चालू ठेवलेलं बरं म्हणून.

*

आता सरकारने काय केलं ते बघू. ते एकदा करून झालंय आणि त्याचा निकाल छापून आलेला आहे, म्हणून जास्त राग येतो.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात धडाक्याने पिंजरे लागले. शंभराच्या आसपास बिबटे पकडले. कित्येकांनी माणसाला नखही लावलं नव्हतं, नुसते दिसले म्हणून पकडले. सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात काय झालं? १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ झाले. आधी हल्ल्यांपैकी १८ टक्के जीवघेणे होते, नंतर ३६ टक्के. २०११ मध्ये हा अभ्यास ‘कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात आला. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याविरुद्ध बजावलं. ज्या तालुक्याने हा धडा जीव देऊन शिकवला त्याच तालुक्यात आज पुन्हा सभेत भाषण होतं, उचला आणि जंगलात सोडा.

असं का होतं हे समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. बिबट्याची हद्द असते. कुठल्या वस्तीवर कुत्रं सुटं असतं, कुठल्या वाटेवर पहाटे माणसं येतात, हे तिथल्या जुन्या बिबट्याला आपल्या पोस्टमनइतकं पाठ असतं. त्याला उचललात की जागा रिकामी राहत नाही. हद्द शोधत फिरणारा कुणी तरी तरणा नर तिथे येतो, त्याला यातलं काहीच माहीत नसतं. आणि ज्याला नेऊन सोडलं तो पिंजऱ्यात दात-नखं मोडून घेतलेला, घाबरलेला, अनोळखी रानात, जिथे आधीच दुसरे आहेत. तो तिथे थांबत नाही.

थांबत नाही म्हणजे किती, ते आजोबाला विचारा. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला वयस्कर नर. त्याला बाहेर काढला, जीपीएस कॉलर घातली, आमच्या माळशेज घाटात सोडला. महिन्याभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या उंबरठ्यावर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत रेल्वे होती, हायवे होता, खाडी होती, हजारो माणसं होती. कुणाला त्याने ओरखडाही काढला नाही. बहुतेकांनी तो पाहिलाही नाही. २०११ च्या अखेरीस तिकडच्या महामार्गावर गाडीखाली मेला आणि कातडीखालच्या चिपवरून ओळख पटली. त्याच्यावर सिनेमा निघाला, आमच्या तालुक्यातल्या पोरांनी तो पाहिला, टाळ्या वाजवल्या, आणि निवडणुकीत पुन्हा जंगलात सोडण्याचं आश्वासन ऐकून पुन्हा टाळ्या वाजवल्या.

*

२०२५ ची दिवाळी आमच्याकडे कुणाला नीट गेली नाही. आमच्या शिवेला लागून शिरूर तालुक्यातलं पिंपरखेड. त्या परिसरात ऑक्टोबरच्या मध्यापासून तीन आठवड्यांत तिघं गेले : पाच वर्षांची मुलगी, ऐंशी ओलांडलेली आजी, तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग तासन्‌तास अडवला. मी त्या गर्दीत होतो. माझ्या हातात दगड नव्हता, पण ज्यांच्या हातात होता त्यांना मी काय सांगणार होतो? ८७ टक्के, ३९ टक्के? ज्या आईच्या दारातून पोर गेलं तिच्यापुढे कुठलाही अभ्यास तोकडा असतो, आणि तो तिच्यापुढे करायचाही नसतो.

त्या बिबट्याला दोन दिवसांत शोधून गोळी घातली. ते योग्यच झालं. हे मी अशा ठिकाणी लिहितोय जिथे बरेच वाचक नाक मुरडतील, म्हणून पुन्हा लिहितो : योग्यच झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमात माणसाला धोकादायक झालेल्या जनावरासाठी ही वाट आहे आणि ती अशाच वेळेसाठी आहे. माणसावर पुन्हा पुन्हा येणारा एक बिबट्या ओळखून मारणं वेगळं आणि शेळी बांधून पिंजरा लावून त्या रात्री जो सापडेल त्याला जन्मठेप देणं वेगळं. पहिल्यात धोका कमी होतो. दुसऱ्यात फक्त आकडा वाढतो, आणि अनेकदा खरा गुन्हेगार बाहेरच राहतो.

नंतर जे झालं ते मात्र तमाशा होता. पिंपरखेडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या, कारण बिबट्या मान धरतो. त्या फोटोकडे मी खूप वेळ बघत होतो. आपण मेंढपाळांच्या कुत्र्याला घालतो तो पट्टा, आता माणसाच्या गळ्यात. त्यानंतर महिनाभरात नागपूरच्या अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून विधानभवनात आले. वनमंत्री गणेश नाईक म्हणाले की जंगलात एक कोटीच्या शेळ्या सोडू, म्हणजे बिबटे बाहेर येणार नाहीत. अहो, पण ते जंगलात नाहीतच! कुठल्या बिबट्याला निरोप देणार, की बाबा रे, भीमाशंकरला पंगत बसलीय? बिबट्या पाळीव करा अशीही एक सूचना आली. वनतारात पाठवा, ही तर रोजची. आणि जुन्नरमध्ये पाच बिबट्यांवर नसबंदीचा प्रयोग करायला केंद्राने परवानगी दिली. प्रयोग म्हणून करा, माझी हरकत नाही. पण नसबंदी केलेला बिबट्याही रात्री भुकेला असतो. उद्या रात्री बारा वाजता अण्णा ज्या सरीत उभे असतील तिथे त्याचा उपयोग शून्य.

आपल्या पिढीबद्दलही एक बोलतो. त्याच नोव्हेंबरात एआयने बनवलेले बिबट्याचे फोटो ग्रुपवर फिरत होते. सोसायटीच्या गेटवर बिबट्या, शाळेच्या मैदानात बिबट्या. एकाने आमच्या गावच्या एसटी स्टँडवरचा टाकला. आई दोन दिवस भाजीला गेली नाही. तो बनवणारा माझा वर्गमित्र निघाला, म्हणाला गंमत केली. आणि बिबट्या खरंच विहिरीत पडला किंवा घरात अडकला की तीनशे जण मोबाईल वर धरून रिंगण करतात, पळायला वाट ठेवत नाहीत. मग तो अंगावर आला की त्याचीच रील हल्ला म्हणून लाखभर बघतात.

*

हल्ला कुणावर होतो ते जरा नीट बघा. लहान मूल. वाकून गवत कापणारी बाई. उसात खाली बसून काम करणारा मजूर. पहाटे अंधारात बाहेर बसलेला माणूस. उभ्या माणसाला बिबट्या सहसा टाळतो. वाकलेलं, बसलेलं, बुटकं काही दिसलं की अंधारात त्याची गल्लत होऊ शकते. म्हणजे मरणाची ही यादी बिबट्याने केलेली नाही. ती आधीच तयार होती. घरात संडास नाही, वस्तीवर दिवा नाही, रात्री पाणी भरावं लागतं, त्यांची यादी. बंगलेवाल्या बागायतदाराच्या कंपाउंडातून बिबट्या सीसीटीव्हीत दिसतो. त्याच फडाच्या कडेला बीडकडून आलेल्या टोळीच्या कोप्या असतात. पाचटाच्या, दार नसलेल्या. आईबाप पहाटे तीनला कोयता घेऊन फडात, पोर कोपीत झोपलेलं. या माणसांना आम्ही दर हंगामात बोलावतो, उसाच्या ऐन मधोमध झोपवतो, आणि पोर उचललं गेलं की म्हणतो बिबट्या फार माजलेत.

मृत्यू झाला तर २५ लाख मिळतात. मिळायलाच हवेत. पण त्यातल्या एका रकमेत किती कोप्यांना पत्र्याची भिंत आणि कडीचं दार लागेल, किती वस्त्यांवर दिवे लागतील, याचा हिशेब कारखान्याच्या वार्षिक सभेत कधी मांडला गेलाय? साखरेचा उतारा दशांशापर्यंत मांडतात. मुकादमाशी करार करताना टनाचा दर लिहितात. कोपी फडापासून किती लांब असावी, पोरांना सांभाळायला कोण असेल, हे का लिहीत नाहीत? बिबट्या उसामुळे आहे, तर उसाच्या पैशातून त्याचा बंदोबस्त करायला काय हरकत आहे?

गोठ्याचंही तेच. वरून जाळी आणि बंद दार असलेल्या गोठ्यातलं जनावर जवळजवळ जात नाही. आमचा गोठा चुलत्यांचं करडू गेल्यावर बंद झाला. त्या करडाच्या भरपाईसाठी चुलते एका कार्यालयात पाच खेपा घालून आले, सातबारा आणा, फोटो आणा, फोटोत जागा दिसत नाही, परत काढा. जनावर तोवर पुरून झालं होतं. पाचव्या खेपेनंतर चुलते म्हणाले, पुढच्या वेळी मी मेलेल्या शेळीत औषध घालून ठेवणार. घातलं नाही. पण हे वाक्य किती गोठ्यांत बोललं जात असेल? जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, एवढा सगळा मुलूख एका वनविभागाकडे आहे, आणि रात्री फोन केल्यावर येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यांतलीही बरीच रोजंदारीवरची. हल्ला झाला की मार खायला तीच पुढे.

सगळ्यांत वरची मागणी मात्र विजेची. दिवसा लाईट द्या. एवढं एकच केलं तरी हजारो माणसं रात्रीच्या उसातून बाहेर येतील. यात नवं संशोधन करायचं नाही, कुणाची नसबंदी करायची नाही, केंद्राची परवानगी आणायची नाही. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून कागदावर आहे, काही ठिकाणी पॅनेलही उभे राहिलेत. बिबटप्रवण म्हणून सरकारनेच ठरवलेल्या गावांना त्यात पहिला नंबर का नाही? आमच्या जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणी आहेत, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकतात. शाळेची सहल तिथे जाते. मी सातवीत असताना तिथल्या एका सरांना विचारलं होतं, एवढ्या लांबचं ऐकू येतं, तर आमच्या मळ्यातली करवत ऐकू येते का? ते हसले. त्यांचं बरोबरच होतं, ते त्यांचं काम नाही.

ज्यांचं काम आहे त्यांना विचारलं की उत्तर येतं, लोड मॅनेजमेंट. दिवसाची वीज कारखान्यांना, शहरांना, मॉलच्या एसीला आधी. मी स्वतः हिंजवडीत ज्या ऑफिसात बसतो तिथे भर दुपारी पडदे लावून दिवे चालू असतात. स्वेटर घालून बसतो आम्ही.

काल रविवार होता म्हणून घरी होतो. बाराला अण्णांबरोबर मीही गेलो. आई नको म्हणत होती, एकाच्या जागी दोघांची काळजी. खोडव्याला पाणी लावलं, चारीच्या कडेला बसायचं नाही म्हणून उभेच राहिलो. दीडच्या सुमाराला पलीकडच्या वस्तीवरची कुत्री एकदम भुंकली आणि एकदम गप्प झाली. अण्णांनी भजनाचा आवाज वाढवला, बॅटरी बांधावरून फिरवली. काही दिसलं नाही. ओल्या मातीत सकाळी ठसे होते, चारीच्या या बाजूने येऊन, आमच्या उभं राहण्याच्या जागेच्या वीस-पंचवीस पावलं अलीकडून उसात वळलेले. अण्णांनी त्यावर पाय न देता फावडं उचललं आणि पुढचं दारं फोडलं. अजून अर्धा एकर भिजायचा राहिलाय. आज मी पुण्यात आलोय. आता रात्रीचे एक वाजून दहा मिनिटं झालीत. लास्ट सीन १२.२६.